प्रवाळाची दृष्ट

हिंगोलीतल्या माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात समुद्री माशांची एकच टाकी आहे. एका उन्हाळ्यात तिच्यातलं प्रवाळ मिटून बसलं. तपासलं, तर पाणी आटून जास्तच खारट झालेलं. मी थोडं थोडं गोडं पाणी घालत होतो, तेवढ्यात आई मूठभर मीठ-मोहरी घेऊन आली आणि टाकीची दृष्ट काढू लागली.

"आई, मीठ पाण्यात पडंल!" मी ओरडलो.

"दृष्टीचं मीठ चुलीत टाकतेत, येवढंबी कळत न्हाई व्हय तुला?"

सकाळी प्रवाळ मस्त फुललं होतं!

आता गिऱ्हाईकं विचारतात, पाणी इतकं चांगलं कसं ठेवता? मी तपासणीच्या बाटल्या दाखवतो, आई मोहरीची पुडी दाखवते. लेकाचे पुडीच मागतात!