सगळीकडून सोललेला ऐन

आर्या, ईशान, मोठी आजी गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं, तेव्हा बाबांनी "वय झालं होतं" एवढंच सांगितलं. ते खोटं नाही. पण परवा आर्याने विचारलं, "आजी, माझ्या बाळासाठी मोठ्या आजीच्या हातचं एखादं दुपटं उरलंय का गं?" एक उरलं आहे. ते पाठवण्याआधी ते कसं तयार झालं हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, माझ्या वैनी. लग्न होऊन मी आचऱ्याला आले, तेव्हा मागच्या अंगणात चुलीवर तांब्याचा हंडा होता आणि त्यात ऐनाची साल उकळत होती. त्या उग्र वासाने मी पदर नाकाला लावला. "नाक कित्याक धरतंस गो? रंगवूचा हातांनी आसा," वैनी म्हणाल्या आणि रंग धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं जुनं धोतर त्यांनी माझ्या हातात दिलं. वाळल्यावर त्याला भिजलेल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखा तांबूस तपकिरी रंग आला. घरात मूल जन्मणार असलं की अशा कापडाचं दुपटं बारशाआधी तयार असे. तुमच्या बाबांचं झालं, तुमचंही झालं. ऐनाचं झाड एकच, विहिरीच्या वरच्या अंगाला, सुसरीच्या पाठीसारख्या सालीचं. वैनी कोयत्याने एकाच बाजूची थोडी साल काढत, जखमेवर शेणमाती लिंपत आणि ती भरून येईपर्यंत तिथे हात लावत नसत. एकदाच जास्त काढून ठेवूया, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "दूध काढताना वासराक ठेवतत मां? मगे झाडाक नको?" चारी बाजूंनी सोललेलं झाड उभ्या उभ्या मरतं, हे आमच्या घरात लहान पोरांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या वर्षांत त्यांचं विसरणं वाढलं. आधी नावं गेली, मग काळ गेला. विनूकाकाला, स्वतःच्या मुलाला, त्या "भावजी" म्हणू लागल्या. तोही "काय वैनी?" म्हणून हसायचा आणि मग मागच्या पडवीत जाऊन उभा राहायचा... दिवाळीनंतर एका दुपारी विनू आणि मी बाजारातून परतलो, तर चूल पेटलेली, हंडा सालीने काठोकाठ भरलेला आणि वैनींचे हात कोपरापर्यंत तपकिरी. "दिवस भरत इले माजे," त्या म्हणाल्या, "मगे दुपटा नको?" त्यांच्या लेखी विनू अजून पोटात होता. विनू माझ्या शेजारी पिशव्या धरून उभा होता. मी विहिरीकडे गेले. कमरेपासून छातीपर्यंत ऐन सगळीकडून सोललेला होता, आतून ओला, मांसासारखा लालसर. विनूने शेणमाती लिंपली, वरून पोतं बांधलं. "काकी, जगतला मां?" त्याने विचारलं.

चैत्रात पानं गळली. ती दरवर्षीच गळतात. नवी पालवी मात्र बारीक, पिवळी आली आणि पावसात झडून गेली. पुढच्या वर्षी आलीच नाही. त्याच सुमारास एका सकाळी वैनींचं डोकं अगदी स्वच्छ होतं. माझा हात धरून त्या विहिरीपर्यंत आल्या. पोतं बाजूला करून खोडाभोवती हात फिरवत पुन्हा होत्या तिथे येऊन थांबल्या. "सगळीकडसून?" त्यांनी हळूच विचारलं. मग किंचाळल्या, "खंयच्या मेल्यान ह्यां केल्यान? हात झडांदेत तेचे!" मी तोंड उघडणार, तेवढ्यात विनू पुढे झाला. "मिया केलंय, आये."

वैनी त्याच्याकडे बघत राहिल्या. "तू विनू मां?" म्हणाल्या. "माझ्याच पोटचो?"

कित्येक महिन्यांनी त्यांनी त्याला ओळखलं होतं. बाकी सगळं त्या पुढे विसरल्या, मलाही विसरल्या, पण झाड कोणी मारलं हे विसरल्या नाहीत. विनूच्या हातून जेवल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. "खरं सांगते मी त्यांना," असं मी अनेकदा म्हटलं. "नको काकी. स्वतःचे हात खंय टाकतली ती?" एवढंच तो म्हणे.

वाळलेला ऐन घरावर पडेल म्हणून वैशाखात तोडावा लागला. वैनींच्या खोलीत कुऱ्हाडीचा आवाज येत होता. "शेजारचो आंबो तोडतत," मी सांगितलं. आषाढात वैनी गेल्या. विनूने गंगेचं पाणी ओठांना लावलं, तेव्हाही त्यांनी तोंड मिटून घेतलं. पावसाची झड लागली होती आणि कोरडं लाकूड घरात तेवढंच होतं. ऐनच रचला. अग्नी विनूने दिला.

त्या दुपारच्या हंड्यातलं ते दुपटं विनूसाठी रंगवलेलं होतं, म्हणून मी आधी त्याला विचारलं. त्याने ते उलगडलं, पुन्हा नीट घडी केली. "आर्याच्या पोराक दी. माका आता कित्याक?"

काल मी ते साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलं. रंग उतरलेला नाही.