कापसाच्या खोलीतला उजेड

तेल्हाऱ्याच्या शेषराव अढाऊंनी देवाजवळ पीक मागितले नाही, पुत्र मागितला नाही. मागितला तो केवळ उजेड. काळी कसदार जमीन होती, लेकी सुखाने सासरी नांदत होत्या, घरात पंचफुलाबाईंसारखी खमकी आणि कष्टाळू बायको होती. तरीही हा गृहस्थ भजनातून उठताना डोळे पुसायचा. "साऱ्याइले कायी ना कायी दिसते म्हन्तात. मलेच काहून दिसत नाई?" पन्नाशी उलटली होती. दर्शनावाचूनच डोळे मिटतील, ही एक भीती त्यांच्या उरात घर करून बसली होती.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर गावात एक गोसावी मुक्कामाला आले. त्यांनी शेषरावांच्या कानात मंत्र दिला आणि रीत सांगितली. सांजेला स्नान करावे, धुतलेले धोतर नेसावे, घोंगडीवर बसावे, उजव्या हाताला तुपाचा दिवा ठेवावा आणि श्वासाबरोबर मंत्र चालवावा. "आधी अंगाला ऊब लागेल, मग गंध येईल, मग मिटल्या डोळ्यांपुढे उजेड होईल. त्या वेळी कोणीही हाक मारो, उठू नकोस. ती हाक मायेची."

शेषरावांनी सारे मनापासून मांडले. जागा मात्र निवडली कापसाची. वेचणी चालू होती. आतली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती, मधे एका माणसापुरती जमीन उरली होती. कापूस आवाज पिऊन टाकतो. दार लोटले की रस्त्यावरची बैलगाडीसुद्धा ऐकू येत नाही. जपाला याहून शांत जागा त्यांना कोठे मिळणार?

पंचफुलाबाई दारात आडव्या आल्या.

"कापसात दिवा नेता जी? डोकं ठिकानावर हाय ना?"

"गुरूची आज्ञा हाय."

"गुरूच्या घरी कापूस हाय काय?"

"तू मधात बोलू नको. तुले जपातलं समजत नाई."

"नाई समजत. कापसातलं समजते."

अखेर शेषरावांनी परातीत पाणी भरले, पाण्यात पाट ठेवला आणि त्यावर दिवा लावला. पंचफुलाबाई पुटपुटत चुलीकडे गेल्या. काही दिवस निर्विघ्न गेले. उजेड काही दिसला नाही.

आणि मग ती सांज आली. वरच्या ढिगातून एखादा पुंजका निसटला असेल, वातीला लागला असेल, कोण सांगणार? शेषरावांच्या उजव्या अंगाला ऊब लागली. त्यांचा श्वास भरून आला. मागोमाग गंध आला, अनोळखी, उग्र. आणि मिटल्या पापण्यांपुढे केशरी, झळाळता, वाढत जाणारा उजेड! आयुष्यभर ज्यासाठी झुरले तो उजेड! गालांवरून आसवे वाहू लागली. आला, माझा मायबाप आला!

दाराच्या फटीतून धूर दिसला तशा पंचफुलाबाई आत धावल्या. खोलीची एक बाजू पेटली होती आणि नवरा हात जोडून हसत बसला होता.

"अवो उठा! आग लागली! उठा ना जी!"

सज्जनहो, हेही लिहिलेच पाहिजे. शेषरावांना ती हाक ऐकू आली होती. शब्दन् शब्द ऐकू आला होता. ही माया, असे त्यांनी मनाशी म्हटले. पंचफुलाबाईंनी खांदा धरून ओढले, तेव्हा डोळे न उघडता त्यांनी दोन्ही हातांनी तिला दूर लोटले. ती पडली जळत्या कापसावर, तळहातांवर. आणि उठली. तेच हात तिने त्याच्या काखांत घातले आणि त्याला अंगणापर्यंत फरफटत आणले.

शेजारचे नत्थुजी घागर घेऊन धावत आले होते. त्यांनी जे ऐकले ते आजही ते जसेच्या तसे सांगतात. अंगणात डोळे उघडल्यावर शेषराव बायकोवर ओरडले, "माहा उजेड काहून मोडला वं?"

नत्थुजींची घागर हातातच राहिली. मग शेषरावांची नजर तिच्या हातांवर गेली.

अरे नारायणा! तुझ्याच नावाने बसलेल्या माणसाच्या हातून हे घडावे?

अकोल्याच्या इस्पितळात पंचफुलाबाईंचा जीव वाचला. बोटे मात्र एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. फाल्गुनात कीर्तनासाठी गावात आलो असताना मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा शेषराव भाकरी कुस्करून तिला भरवत होते. मला पाहून ते ढसढसा रडले.

"महाराज, जप सुटला. डोये मिटले का तोच उजेड दिसते. मंत्राचं पयलं अक्षर आलं का मी तिले ढकलतो. रोज ढकलतो. आता नाव कसं घेऊ?"

नामाचा महिमा गावोगाव गाणारा मी. मी एखादा अभंग आठवू लागलो. पंचफुलाबाईच बोलल्या.

"त्याइले काय इचारता? डोये उघडे ठिवा अन् घ्या. घास देता देता घ्या. भाकर वाळून राह्यली."

शेषरावांनी घास मोडून तिच्या तोंडाशी नेला, नजर तिच्या हातांवरून हलवली नाही, आणि कानात मिळालेला तो गुप्त मंत्र माझ्यादेखत मोठ्याने उच्चारला. दुसऱ्याचा गुरुमंत्र ऐकू नये, हे मी जाणतो. मी कान झाकले नाहीत.