अक्कांचं ताट

आई अचानक गेली आणि तिचा दागिन्यांचा डबा माझ्याकडे आला. त्यात आजीचं एक लहानसं सोन्याचं पदक होतं. त्यावर एका बाईचा ठसा, पण नाकडोळे झिजून पार सपाट झालेले. आईनं ते कधी गळ्यात घातलं नव्हतं. माझ्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं डबा उपसला आणि नेमकं तेच उचललं. "आई, काय व्हिंटेज आहे गं हे!" म्हणाली आणि साखळीत ओवून मोकळी झाली. पणजीची वस्तू पोरीच्या गळ्यात बघून मलाही बरं वाटलं.

त्यानंतर तिची भूक सुरू झाली. लग्नाच्या ब्लाउजसाठी डाएट करणारी माझी पोरगी, जेवून उठली की पुन्हा डबे उघडायला लागली. भाकरी, चटणी, शिळा भात, काही चालायचं. "जेवले तरी जेवल्यासारखं वाटत नाही गं," म्हणायची. सासरचे लोक तुला बघून किराणा दुप्पट भरतील, अशी मी तिची थट्टा करायची. पण शिवून आलेले ब्लाउज तिला सैल व्हायला लागले. शिंपीणबाईंनी आत घेतले, पुन्हा आत घेतले. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. मग माझी थट्टा बंद झाली.

केळवणाला वळसंगहून माझी आत्या आली. ऐंशी ओलांडलेली, पण दात आणि जीभ दोन्ही शाबूत. भर दुपारी आम्ही तिघी पंख्याखाली जेवायला बसलो. शेंगापोळीवर तूप घालता घालता आत्याची नजर लेकीच्या गळ्याकडे गेली आणि हात तिथंच थांबला.

"हे हिच्या गळ्यात कुनी घातलं?"

"तिनंच. आजीचं पदक आहे की," मी म्हटलं.

"पदक न्हाय ते. सवतीचा टाक हाय. माज्या आईच्या आदी आमच्या वडलांची पैली बायको व्हती, ती हाय ही. दुसरेपनावर आलेल्या बाईनं घालायचा असतोय. लग्नाच्या पोरीच्या गळ्यात कसा घातला गं तुमी!"

माझ्या लहानपणीचं सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. नवं लुगडं नेसायच्या आधी आजी त्याचा पदर गळ्यातल्या पदकाशी टेकवायची आणि पुटपुटायची, "अक्का, घ्या." मला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणते आहे. आजी गेल्यावर आई सणाला दागिन्यांच्या कपाटासमोर एक छोटं ताट ठेवायची. आता फ्रिजलाही नैवेद्य दाखव, असं मी तिला म्हणायची. ती हसायची, पण ताट ठेवायचीच. आई गेल्यापासून ते ताट कोणी ठेवलं नव्हतं.

"त्या कशानं गेल्या?" लेकीनं विचारलं.

आत्या म्हणाली, "गावाला सांगितलं, तापानं गेली. ताप न्हाय काय न्हाय. दुष्काळ व्हता. आदी बाप्ये जेवायचे, मग पोरं, मग बायका. ही सगळ्यांत धाकटी सून. तिची पाळी येईस्तवर टोपल्यात भाकरी उरायचीच न्हाय. कुनी इचारलं तर 'झालं माजं' म्हनायची. म्हनून माजी आई हिला वाढल्याबिगर जेवली न्हाय कदी. जाताना तुज्या आईला बोलली, हिला उपाशी ठेवू नकोस."

मी लेकीच्या गळ्यातली साखळी काढायला उठले, तर तिनं माझा हात धरला.

"थांब. त्यांचं नाव काय होतं?"

आत्यानं मान हलवली. "कुनाला ठाव न्हाय. आई नुसतं अक्का म्हनायची."

मग लेकीनं स्वतःच साखळी काढली. टाक ताटाच्या कडेला ठेवला, शेंगापोळीचा तुकडा मोडून त्याच्याशी धरला आणि म्हणाली, "अक्का, आधी तुम्ही घ्या." पंखा तेवढा फिरत होता. थोड्या वेळानं ती जेवायला लागली, आणि अर्धी पोळी खाऊन तिनं ताट सारलं.

"बास. पोट भरलं माझं."

कितीतरी दिवसांत हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

टाक आता माझ्या स्वयंपाकघरात, गॅसजवळच्या फळीवर असतो. नको त्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही, हे घरादाराला माहीत आहे. तरी आधी तिथं वाढते, मग आम्ही जेवतो. आत्या मागच्या उन्हाळ्यात गेली. आता हे सांगणारी मी आणि लेक, दोघीच उरलो.

परवा नळाचं पाणी अवेळी आलं, त्या गडबडीत मी उभ्यानंच चार घास खाऊन घेतले. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला.

"आई, आज अक्कांना वाढलंस का गं?"

मी फळीकडे बघितलं. "नाही गं. राहिलंच."

ती हळूच म्हणाली, "तरीच. आत्ताच जेवून उठले, आणि परत भूक लागली."