बंद घरातली घोण

नर्स म्हणून मी पुष्कळ मरणं पाहिली. गेलेला माणूस परत दिसला, असं नातेवाईक सांगायचे... मी ऐकून घ्यायची आणि पुढच्या बेडकडे वळायची. आजही तसंच करते. आमच्या घरातली एक गोष्ट तेवढी मला निकालात काढता आलेली नाही, म्हणून लिहिते.

साल १९७८. पिंगळी स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरात मी, आमचे हे — हायस्कूलला सायन्स शिकवायचे — आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायची, हे दादा म्हणायचे. एकदा ह्यांनी दगडाखालची वीतभर लांब घोण पकडून आणली. गोमेचीच मोठी, विषारी जात ती. मुलांना दाखवायला स्पिरिटच्या बाटलीत घालणार होते. मामा आडवे आले.

"जित्ती हाय ना? मग कशाला मारायलास?"

मग घोण काचेच्या बरणीत राहिली. झाकणाला भोकं, तळाशी माती, खायला झुरळं. मामांनी विचारलं, "किती वर्सं जगंल ही?"

"नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षं. एखादी दहासुद्धा. पण माती ओली पाहिजे, दादा. सुकली की दोन-चार दिवसांत खलास."

"मग पाण्याचं माझ्याकडं लागलं."

रोज दुपारी ते बोटांनी पाणी शिंपडायचे. मला शिसारी यायची, पण म्हातारा माणूस त्यात रमला होता.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आम्हा बौद्धांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. शेजारच्या गावात घरं जाळल्याचं कळलं तसं आम्ही कुलूप घातलं, पिंगळीला गाडी धरली आणि अकोल्याला माझ्या भावाकडे गेलो. बरणी कोनाड्यातच राहिली.

अकोल्यात मामांना न्यूमोनिया झाला. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. म्हणाले, "सूनबाई, माती सुकली असंल गं."

"गेल्यावर बघू, मामा."

संध्याकाळच्या आत ते गेले.

थंडी पडल्यावर आम्ही दोघंच परत आलो. तेही राहायला नाही — घर विकून परभणीला बिऱ्हाड करायचं ठरलं होतं, सामान तेवढं न्यायचं होतं. कुलूप गंजलेलं, पण जसंच्या तसं. किल्ली सगळा वेळ माझ्याकडे. आत माठ कोरडा, जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. हे कोनाड्याकडे गेले आणि तिथेच थबकले.

"अगं, इकडं ये."

घोण जिवंत होती. खाण्यावाचून तिचे बरेच दिवस निघतात, हे ह्यांना माहीत होतं. पण माती ओली होती... नुकतं पाणी घातल्यासारखी. काचेला थेंब. ह्यांनी छत पाहिलं, भिंत चाचपली — सगळं ठणठणीत कोरडं.

तेवढ्यात शेजारच्या रशीदाबी आल्या. त्या रागातच होत्या.

"मास्तर, म्हाताऱ्याला कोंडून गेला व्हय तुमी?"

"कुणाला, खाला?"

"तुमच्या बापाला! खिडकीतून दिसायचे की. दुपारचे त्या कोनाड्याशी हुबे. हाक मारली तर बघायचे न्हाईत. भायेरून कुलूप... म्हणलं, जिवाच्या भीतीनं लपवलं असंल. म्हणून कुणाला बोलले न्हाई. गजातून भाकर ठिवायची, ती तशीच वाळायची."

मामा अकोल्यात वारले, हे मीच सांगितलं. रशीदाबींनी तोंडाला पदर लावला. मी विचारलं, "शेवटचे कधी दिसले?"

"कालच की."

घर विकलं नाही. "दादा हितं आले, मग आपण कुठं चाललो?" एवढंच हे म्हणाले. मी विरोध केला नाही. गावानं आम्हाला पूर्वीसारखं वागवायला वेळ लागला, पण राहिलो.

बरणीचं पाणी पुढे हे घालायचे. मी एकदा मुद्दाम घालू दिलं नाही, बघावं म्हणून. माती सुकायला लागली. कुणी आलं नाही. शेवटी मीच पाणी शिंपडलं, पहिल्यांदा. घोण त्यानंतर चार-पाच वर्षं जगली आणि ह्यांनी सांगितलं होतं तशीच, म्हातारी होऊन मेली.

रशीदाबींना भास झाला म्हणावं, तर ओल कुठून आली? कुणी चोरून पाणी घातलं म्हणावं, तर धुळीवर पाऊल का नाही? मला सांगता येत नाही. मामांचे डोळे अकोल्यात मी माझ्या हातानं मिटले होते. तेवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.