आईने घेतलेली इमिग्रेशनची मुलाखत

गेल्या रविवारी काटेवाडीत, आमच्या ओट्यावर, माझी इमिग्रेशनची मुलाखत झाली. ऑफिसर होती आई... मेथी निवडता निवडता.

मी लोणी देवकरला एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. कंपनीच्या स्पेनमधल्या प्लांटवर वर्षभरासाठी जायची संधी आलीय, पण त्याआधी स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास व्हायची होती. घरी सांगितलं तेव्हा आई नुसती 'बघू' म्हणाली. पुढे तिने विषय काढला नाही... मीही नाही.

परीक्षेचा विषय होता इमिग्रेशन ऑफिसरसमोरची मुलाखत. शब्द पाठ होते. बिसादो म्हणजे व्हिसा, फ्रोन्तेरा म्हणजे सीमा, पेर्मीसो दे रेसिदेन्थिया म्हणजे राहण्याचा परवाना. अडचण वेगळीच होती. ऑनलाइन क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "उत्तरं बरोबर आहेत, पण तू दोन शब्दांत थांबतेस. काहीतरी लपवतेयस असं वाटतं. अशाने नापास होशील."

म्हणून मी स्पॅनिश प्रश्न देवनागरीत कार्डांवर लिहिले, खाली मराठी अर्थ लिहिला आणि गठ्ठा आईकडे दिला.

तिने चष्मा लावला, पदर सारखा केला आणि आवाजच बदलला. नाव, वय, शिक्षण, पगार, तिकडे नातेवाईक कोण... मला हसू यायला लागलं. गेल्या वर्षभरात तीन ठिकाणचे लोक मला बघायला येऊन गेले. प्रश्न हेच होते, क्रमही जवळपास हाच.

"उंची?" आईने विचारलं. हे कार्डावर नव्हतं.

"आई, ते उंची विचारत नाहीत."

"का बरं? पासपोर्टात असंल की!"

नसते. मी पासपोर्ट आणून दाखवला.

"मग माणूस वळखायचा कसा त्यांनी?" असं म्हणत तिने पुढचं कार्ड उचललं. आमच्या देशात कशासाठी यायचंय?

"पोर त्राबाखो," मी म्हटलं. कामासाठी. आणि थांबले.

आईने कार्ड खाली ठेवलं. "त्या पाव्हण्यांम्होरं बी अशीच बसली हुतीस. इचारलं तेवढंच. व्हय, न्हाय, बास."

मी पासपोर्ट मिटून बाजूला ठेवला.

"तितं तुला जायाचं नव्हतं. मला कळत हुतं, म्हणून मी बी रेटलं न्हाय. हितं जायाचंय न्हवं? मग सांग की नीट, का जायाचंय ते!"

मी स्पॅनिशमध्येच बोलायला लागले... तिथे एक मोजमापाचं मशीन आहे, आमच्याकडे नाही, ते मला चालवायचंय. एक वर्ष स्वतःच्या घराची किल्ली स्वतःकडे हवीय. मी कुणाची मुलगी हे कुणालाच माहीत नाही अशा गावात राहून बघायचंय. दोन क्रियापदं चुकली, कोणती तेही मला माहीत आहे. पण थांबले नाही.

आईला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आता खरं वाटतंय," ती म्हणाली. "मंजूर! घे, ही उरलेली मेथी तू निवड."

गुरुवारी परीक्षा झाली. पास. व्हिसाची फाईल पुढे गेली.

घरी परवानगी कशी मागायची, कोणत्या शब्दांत, ते मला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं... पण मागायची वेळच आली नाही. आई, थँक्यू.