टी-रूममध्ये मागितलेली माफी

लोण्यात भाजलेल्या पावाचा वास आला की मला कोल्हापुरातली ती साहेबी थाटाची टी-रूम आठवते. पांढरे टेबलक्लॉथ, चिनी मातीच्या किटल्या आणि तासन्‌तास बसणारे पेन्शनर म्हातारे. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. एका जुन्या भांडणापायी वडील आपल्या जिवलग मित्राच्या बायकोच्या अंत्यविधीलाही गेले नव्हते. त्याची माफी मागायला ते अकरा वर्षांनी निघाले आणि एकट्याला धीर होईना म्हणून मला सोबत नेलं. मित्र खिडकीपाशी बसला होता. वडिलांनी हात जोडले. "चुकलं माझं. वैनींच्या मातीला यायला पायजे हुतं." मित्र हसला. "बसा की, पावणं. कुठलं गाव तुमचं?" वडिलांना वाटलं, राग अजून गेलेला नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "त्यास्नी आता कुणाचीच वळख न्हाय." वडील समोरच्या खुर्चीवर बसले. "उचगाव," एवढंच बोलले. मित्रानं स्वतःच्या हातानं त्यांना चहा ओतून दिला. "घ्या. मला लवकर जायला पायजे, बायको वाट बघत असंल." त्यानंतरही वडील जमेल तसे तिथे जात राहिले आणि दर वेळी नव्यानं माफी मागत राहिले. आज मी वडिलांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. ती माफी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.