हयातभर पाणी

चैत्रातल्या कलत्या दुपारी वडिलांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदांचा कोंदलेला वास आला आणि खिडकीतून येणारा कडुनिंबाच्या मोहराचा गंध त्यात मिसळून गेला. तळाशी घराचं खरेदीखत होतं, उर्दूतलं. "ते एकदा वाचून घे," असं वडील शेवटच्या आजारात दोनदा म्हणाले होते. त्याला अकरा वर्षं झाली. नोकरी, मुलांची लग्नं, गुडघे. निमित्तांना काय तोटा! निवृत्तीनंतर घराचा इतिहास लिहायला घेतला, वहीच्या पहिल्या पानावर आजोबांचं नाव ठळक अक्षरांत घातलं, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून दमलो, आणि मग उमगलं, की आजोबांच्या आधी हे घर कुणाचं होतं एवढंच आपल्याला ठाऊक नाही.

वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले; मला अलिफसुद्धा येत नाही. म्हणून गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रशीद मास्तरांकडे गेलो. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले मास्तर कागद डोळ्यांशी नेऊन सावकाश वाचू लागले. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या त्या अस्थिर दिवसांत, एकुलता मुलगा हैदराबादेस निघून गेल्यावर, अमीना बी नावाच्या विधवेनं हे घर आजोबांना विकलं होतं. मी नाव टिपून घेत होतो. मास्तर मध्येच थांबले.

"इथं एक शर्त हाय, भाई. बाई हयात है तब तक आडाचं पाणी तिचं. कोई रोकना नै."

अंगणातला तो आड, त्यावर झुकलेली पेरूची सावली, आणि रोज सकाळी न विचारता आत येऊन पोहरा सोडणारी, पांढऱ्या ओढणीतली एक कृश म्हातारी मला लख्ख आठवली. "त्या बाईंना अडवायचं नाही," एवढंच वडील म्हणत. का, ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि घर आमचं आहे याची मला भारी ऐट होती. एका उन्हाळ्यात, वडील पैठणला गेलेले असताना, मी तिला दारातच म्हणालो, "चौकात नळ आलाय ना? तिकडं भरा." ती रिकामी कळशी कडेवर घेऊन वळली, ती पुन्हा आली नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा मी "येत नाहीत हल्ली" म्हणून मोकळा झालो. पुढं घरात नळ आला आणि मुरूम टाकून तो आड मीच बुजवला.

"चाचा, तिनं हा कागद का नाही दाखवला मला?"

"कहाँ से दिखाती? कागद तर तुमच्या पेटीत होता." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "लई वर्षं, मरेपर्यंत चौकात नळाच्या रांगेत उभी असायची. मी बघायचो."

मीही बघत होतो. रोज सायकलवरून त्याच रांगेजवळून जात होतो. लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकायला झालं. या वयात क्षमा मागायची ठरवली तरी मागायची कुणाकडे?

घरी आलो तेव्हा आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं आणि गल्लीभर भांड्यांचा आवाज चालला होता. टाकी भरली, बादल्या भरल्या. शेवटी एक कळशी भरून दाराबाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली, आणि ठेवल्यावर कळेना, की आता ती परत आत कशी न्यायची.